प्रकल्प नोंदी: एका परिचारिकेचं स्मरणपुस्तक

२ जून
परिचारिकेच्या घरच्यांकडून पुस्तकासाठीचं साहित्य ताब्यात आलं. पाच खोकी आणि एक पत्र्याची ट्रंक. काहीही न हलवता आधी प्रत्येक खोक्याचे वरून फोटो काढले, मग एकेक थर काढत पुन्हा फोटो. रचना मोडली की तिच्यातली माहितीही जाते. इथेच बघा: पत्रं तारखेने लावलेली नव्हती, त्यांच्या तीन मुलांप्रमाणे तीन गठ्ठे होते आणि प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा दोरा होता. घाईत सगळी तारखेने लावली असती, तर हे कुणाला कळलंच नसतं.

मोजदाद: फोटो ३१२ (त्यातले १४० सुटे, बाकी तीन अल्बममध्ये), निगेटिव्हच्या २२ पट्ट्या, कॅसेट ६, रोजनिशा ११, पत्रं दीडशेच्या आसपास, प्रमाणपत्रं आणि नेमणुकीच्या कागदांची एक फाईल. वस्तूंमध्ये गणवेश दोन, टोप्या तीन, बकलाचा पट्टा, छातीला लावायचं घड्याळ, कात्री, छोटा टॉर्च, पत्र्याच्या नळीतलं थर्मामीटर.

क्रमांक टाकायला मऊ शिसपेन्सिल, २बी. फोटोच्या मागे, कडेला, हात हलका ठेवून. बॉलपेन अजिबात नाही: त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई शेजारच्या फोटोला लागते. प्लास्टिकचं कोटिंग असलेल्या रंगीत फोटोंवर पेन्सिल चालत नाही, त्यांना कागदी पाकीट आणि क्रमांक पाकिटावर.

३ जून
दोन वस्तू बाकीच्यांतून लगेच वेगळ्या काढल्या.

थर्मामीटर पाऱ्याचं आहे. साध्या ताप मोजायच्या थर्मामीटरमध्ये अर्धा ते एक ग्रॅम पारा असतो. एवढासाच, पण बंद खोलीत सांडला तर त्रास देणारा. झाकणाच्या जाड प्लास्टिक बरणीत, कापसात, आडवं ठेवलं आणि वर चिठ्ठी लावली. फुटलंच तर झाडू आणि व्हॅक्यूम क्लीनर दोन्ही वर्ज्य. झाडूने थेंब बारीक होऊन पसरतात, क्लीनर वाफ खोलीभर करतो. खिडक्या उघडायच्या, जाड कार्डाने थेंब एकत्र आणायचे, उरलेले चिकटपट्टीने उचलायचे.

टॉर्चमध्ये सेल तसेच राहिले होते आणि फुटून पांढरी पूड झालेली. अल्कलाइन सेलची ही पूड क्षारधर्मी असते, म्हणून हातमोजे घालून, काडीच्या टोकाच्या कापसाला पांढरं व्हिनेगर लावून स्प्रिंग पुसली, मग पाण्याच्या ओल्या कापसाने, मग कोरड्या. स्प्रिंगचा एक वेढा गंजून गेलाय. टॉर्च पेटणार नाही. पेटवायचा आग्रहही नाही.

५ जून
कापड. टोप्यांना खळ आहे आणि ती घडीवर तडकली आहे. खळ म्हणजे पिष्ट, म्हणजे कसरीला जेवण. एका टोपीच्या कडेला कुरतडलेलं स्पष्ट दिसतं. घरच्यांनी ‘धुऊन, कडक इस्त्री करून’ ठेवायची तयारी दाखवली होती, ती थांबवली. इस्त्रीने पिवळे डाग पक्के होतात. आधी सगळ्या सेफ्टी पिना काढल्या (दोन गंजून कापडात रुतल्या होत्या, त्या ओढून न काढता कटरने कापल्या), मग टोपीची घडी कशी घालायची याचे सात फोटो. उलगडली की परत घालणारं कुणी नाही. पोकळीत आम्लमुक्त टिश्यूचे बोळे भरले, त्यामुळे घडीवर ताण राहत नाही. प्लास्टिकची पिशवी नको, सुती कापडात गुंडाळून खोक्यात.

घड्याळ. रोग्याजवळ मनगटावर काही नको म्हणून हे छातीला, आणि तबकडी उलटी टांगलेली: समोरच्याला १२ खाली दिसतात, घालणारीने मान खाली केली की सरळ. सेकंद काटा मोठा, नाडी मोजायला. तीस सेकंद मोजून दुप्पट. नाडी अनियमित असेल तर मात्र पूर्ण मिनिट. फोटो दोन काढले, समोरून आणि घालणारीच्या नजरेतून. मांडणी करणारा हा फोटो ‘सरळ’ करणार हे नक्की, म्हणून फाईलच्या नावातच ‘उलटं_बरोबर_आहे’ लिहिलं.

आकड्यांवर तपकिरी पडलेला रंग आहे. १९६०च्या दशकापर्यंत अंधारात चमकणाऱ्या तबकड्यांना रेडियमचा रंग वापरत. चमक गेली म्हणजे रेडियम गेलं असं नाही. त्याचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचं. थकतं ते त्यातलं, प्रत्यक्ष चमकणारं झिंक सल्फाइड. काच बंद आहे तोवर घाबरायचं कारण नाही, पण झाकण उघडायचं नाही, घासून साफ करायचं नाही आणि लहान मुलांच्या हाती द्यायचं नाही.

९ जून
अल्बम. दोन काळ्या पानांचे, कोपरे लावलेले, ते सोपे गेले. तिसरा चिकट पानांवर पारदर्शक पापुद्रा असलेला, आणि त्यानेच दिवस खाल्ला. डिंक वाळून फोटोच्या पाठीला धरून बसलाय. बोटाने उचकटला की फोटोला आडवी मोड पडते आणि ती मग कायमची. मेण नसलेला दात साफ करायचा दोरा फोटोखाली घालून करवतीसारखा हळू पुढेमागे. अशाने ३८ निघाले. ११ हलेनात, त्यांचं पानासकट स्कॅन केलं आणि तिथेच सोडले. हेअर ड्रायरने गरम करण्याची सूचना आली होती. रंगीत फोटोचा जिलेटिनचा थर ऊब आणि दमटपणाने मऊ होतो, बोट उमटतं. नाही म्हटलं.

स्कॅन ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके), टिफ (तपशील न गाळणारी फाईल), चोवीस बिट रंग. ४×६ इंचांचा एक फोटो २४०० बाय ३६०० पिक्सेल, म्हणजे सुमारे २६ एमबी. पाठी धरून ३१२ फोटोंचे सोळा जीबी. पाठ स्कॅन करायचीच. निम्म्या पाठींवर काही ना काही आहे: दुकानाचा शिक्का, पेन्सिलीत आकडा, एका ठिकाणी औषधांच्या वेळा. दोन इंचांचे बारके फोटो १२०० डीपीआयवर.

रंगीत फोटो तांबूस झालेत, कारण त्यांतला निळा-हिरवा रंग अंधारातही आधी उडतो. दुरुस्ती फक्त छपाईच्या प्रतीत. मूळ स्कॅन जसं आलं तसं.

निगेटिव्हच्या दोन पट्ट्यांना आंबट वास येतो. ॲसिटेटची फिल्म कुजायला लागली की ॲसिटिक आम्ल सुटतं आणि त्याच वाफेने शेजारच्या पट्ट्याही लागतात. वेगळं कागदी पाकीट, रांगेत सर्वांत आधी स्कॅन.

१२ जून
फोटोंच्या तारखा. कुटुंबातली आठवण इथे कमी पडते, फोटोतल्या वस्तू जास्त सांगतात.

फोटो ८८: खालचे दोन पुढचे दुधाचे दात पडलेली मुलगी, शेजारी आई गणवेशात. हे दात साधारण सहाव्या-सातव्या वर्षी पडतात. मुलीचं जन्मवर्ष माहीत आहे, म्हणजे फोटो दोन वर्षांच्या फटीत आला. त्याच फोटोत पट्ट्याचं बकल नवं आहे, आणि बढतीचा कागद फाईलमध्ये आहे. फट एका वर्षावर आली.

फोटो १३१: बाळ आधाराशिवाय बसलंय, म्हणजे सहा ते आठ महिने. घरचे म्हणत होते बारशाचा. नाही.

फोटो २०४ उलटा छापलाय. घड्याळ उजव्या छातीवर आणि साडीची पिनही उलट खांद्यावर. निगेटिव्ह पालथी धरून छापल्यावर असं होतं. निगेटिव्ह होती, ताडून पाहिली, स्कॅन उलटवून घेतलं आणि तसं नोंदवलं. जुना छापील फोटो घराच्या भिंतीवर पन्नास वर्षं आहे. धाकटीला सुलटा फोटो ‘आईसारखा वाटत नाही’.

१६ जून
रोजनिशा उतरवायला घेतल्या आणि आकड्यांनी घात केला. कामाच्या नोंदी इंग्रजी आकड्यांत, घरच्या मराठी आकड्यांत, आणि बऱ्याचदा दोन्ही एकाच पानावर. मराठी १ इंग्रजी नवासारखा, ४ इंग्रजी आठासारखा, ५ इंग्रजी चारासारखा. ‘१४ ला फी’ हे आमच्यातल्या एकाने ९८ वाचलं. ती फी नसून रोग्याचा ताप असावा असा अर्थही लावला (फॅरेनहाइटमध्ये ९८ बसतोच). ओळीतले शब्द कुठल्या लिपीत आहेत ते आधी बघायचं, मग आकडा वाचायचा, आणि शंका असेल तिथे दोघांनी वेगवेगळं उतरवून ताडायचं. आठ पानं परत केली.

ड्युटीच्या खुणा सरळ आहेत: मॉ, ई, ना, ऑ. सकाळ, संध्याकाळ, रात्र, सुट्टी.

१९ जून
कालरेषा. एकाच तक्त्यात दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या, कामाची आणि घराची. पहिल्या मसुद्यात दोन वेगळी प्रकरणं होती, ‘रुग्णसेवा’ आणि ‘संसार’. वाचायला नेटकं होतं आणि त्यामुळेच खोटं. रकाने: तारीख, खात्री (नक्की, अंदाजे, ऐकीव), साहित्य क्रमांक, काम, घर.

शेजारी ठेवल्याबरोबर एक भांडण सुटलं. मोठी मुलगी सांगते, अर्धं वर्ष आई रात्री नसायची. मधला म्हणतो, महिन्यातून आठवडाभर नाइट, एवढंच. ज्या वर्षाची रोजनिशी संपूर्ण भरलेली आहे ते मोजलं: सकाळ ११०, संध्याकाळ ९८, रात्र ८४, सुट्टी ५२, रजा २१. बरोबर ३६५. रात्री ८४, म्हणजे मधल्याचं खरं. पण संध्याकाळची ड्युटी संपून त्या घरी पोचायच्या तेव्हा मुलं झोपलेली असणार. ९८ आणि ८४ मिळून १८२. झोपताना आई नव्हती अशा रात्री मोजल्या तर मोठीचंही खरं. पुस्तकात दोघांची वाक्यं आणि खाली हा हिशोब, तिघंही एकाच पानावर.

दुसरी गडबड मध्यरात्रीची. १४ तारखेची नाइट १५च्या सकाळी संपते आणि रोजनिशीत सगळी १४ खाली लिहिलेली असते. पहाटे दोनला घडलेलं काहीही घरच्यांच्या तोंडी १४ला, दाखल्यावर १५ला. अशा सहा तारखा निघाल्या, एक नातवाच्या जन्माची. नियम: दाखल्याची तारीख घ्यायची, रोजनिशीतली कंसात.

२४ जून
मुलाखती सुरू. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह (आवाज न दाबणारी फाईल), मोनो. तासाला ५१८ एमबी. माइक तोंडापासून वीतभर, सरळ समोर न धरता किंचित बाजूला, नाहीतर ‘प’ आणि ‘फ’ फुटतात. पंखा बंद, फ्रिजचं बटण बंद. (बंद केलेला फ्रिज परत सुरू करायचा राहतो. गाडीची किल्ली फ्रिजवर ठेवायची, म्हणजे विसरून निघताच येत नाही.) सुरुवातीला दहा सेकंद नुसती खोली रेकॉर्ड करायची, संकलनात उपयोगी पडते.

‘त्या कशा होत्या?’ या प्रश्नाला ‘फार प्रेमळ’ असं उत्तर येतं आणि पुढे काही येत नाही. ‘ड्युटीवरून आल्यावर पहिल्यांदा काय करायच्या?’ विचारल्यावर चाळीस मिनिटं मिळाली. चपला दाराबाहेर. कुणाला जवळ येऊ न देता कोपरापर्यंत हात, नखांत ब्रश. गणवेश वेगळ्या बादलीत. मग मुलांना जवळ. आणि नळ गळत असला की बोट मनगटावर ठेवून थेंब मोजायच्या, ही सवय तिन्ही मुलांनी वेगवेगळी सांगितली.

त्याचं कारण बरोबरीच्या निवृत्त सिस्टरांनी समजावलं. सलाइनचा वेग तेव्हा डोळ्यांनी आणि घड्याळाने लावायचा. एक मिलिलिटरला २० थेंब सोडणारा सेट (सलाइनची नळी), ५०० मिलिलिटर आठ तासांत द्यायचं: दहा हजार थेंब भागिले ४८० मिनिटं, मिनिटाला २१. पंधरा थेंबांचा सेट असला तर १६. रोग्याने हात दुमडला की वेग बदलतो, म्हणून दर फेरीला पुन्हा मोजायचं. अशी पंचवीस-तीस वर्षं गेल्यावर घरचा नळ काय सुटणार.

२६ जून
काचेच्या सिरिंज किती वेळ उकळायच्या याबद्दल दोन सिस्टरांचं सांगणं जुळत नाही. एकीचे दहा मिनिटं, दुसरीचे वीस. दोघींच्याही वॉर्डाची पद्धत असणार, म्हणून दोन्ही छापायचं. जुळणारा भाग मोठा आहे: नळी आणि दट्ट्या यांच्यावर एकच क्रमांक, अदलाबदल झाली की एकतर अडकतो नाहीतर औषध मागे गळतं. उकळताना दोन्ही सुटे, गॉजमध्ये गुंडाळून, थंड पाण्यात. उकळत्या पाण्यात टाकली की काच तडकते. वेळ पाणी उकळायला लागल्यापासून मोजायची. जड पाण्याचा क्षार दट्ट्यावर बसून तो घट्ट होतो. सुया दगडावर घासायच्या आणि टोक कापसावरून ओढून बघायचं: तंतू अडकला की टोक वळलंय, परत दगडावर. आत बारीक तार घालून ठेवायची, नाहीतर भोक बुजतं.

तळटीप द्यावी लागेल की नुसत्या उकळण्याने जिवाणूंचे बीजाणू मरत नाहीत; त्यासाठी ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात) १२१ अंश सेल्सिअस, १५ पौंड दाब, पंधरा ते वीस मिनिटं लागतात. नाहीतर कुणी हे वाचून घरी करायला जाईल.

१ जुलै
गोपनीयता. रोजनिशांमध्ये रोग्यांची नावं, आजार, कोण भेटायला आलं नाही, सगळं आहे. रोजनिशी कुटुंबाची, त्यातलं दुखणं मात्र त्यांचं नाही. नाव काढणं पुरत नाही: वॉर्ड, खाट क्रमांक आणि तारीख एकत्र आली, किंवा आजार दुर्मीळ असला, की माणूस ओळखू येतो. रोगी हयात नसला तरी त्याची मुलं असतात. छापायच्या ५३ उताऱ्यांपैकी १९ बदलले, ४ वगळले. बाळंतिणींच्या वॉर्डातले बाळांचे सात फोटो सरळ बाहेर.

पीडीएफमध्ये शब्दावर काळी पट्टी टाकणं म्हणजे पुसणं नव्हे. पट्टीखालचा मजकूर निवडून दुसरीकडे चिकटवता येतो. आमच्याच पहिल्या फाईलमध्ये तो आला. पट्टी टाकून पानाची प्रतिमा करायची आणि तीच वापरायची.

रोग्यांची आभाराची पत्रं: कागद घरच्यांचा, पण शब्दांवरचा हक्क लिहिणाऱ्याचा. ज्यांची परवानगी मिळाली ती तीन छापतो.

शेवटचा आजार किती लिहायचा यावर तिन्ही मुलांचं एकमत होईपर्यंत ते पान कोरं.

५ जुलै
कॅसेट. वाजवण्याआधी पाठीवरचे दोन्ही कान तोडले, चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी काही पुसलं जाऊ नये म्हणून. दोन कॅसेटमधली दाबगादी गळून पडली होती (बारका फोम, डिंक वाळतो). तशीच वाजवली की आवाज मातीत बोलल्यासारखा. रिकाम्या कॅसेटमधली गादी लावली. सगळ्या एकदा पूर्ण पुढे, पूर्ण मागे, म्हणजे वेढे सुटे होतात. मग पहिल्याच वाजवण्यात रेकॉर्ड. दुसरी संधी मिळेल असं धरायचं नाही.

कॅसेट ४, बाजू ब: विद्यार्थिनींसाठी पाठ. बेडसोअर (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) का होतात, दर दोन तासांनी कूस का बदलायची, टाच आणि माकडहाडाखाली आधी का बघायचं. आवाज सावकाश, आकडे दोनदा. मागे एक मूल सतराचा पाढा म्हणतंय. सतरा सत्ते ‘एकशे अकरा’ म्हटल्याबरोबर पाठ थांबतो, ‘एकशे एकोणीस’ ऐकू येतं, आणि त्याच श्वासात ‘तर, टाच’.

आवाज ‘स्वच्छ’ करण्याचं सॉफ्टवेअर मागचा पाढा खरखर समजून खाऊन टाकतं. बंद केलं. फक्त पातळी वाढवली.

११ जुलै
मजकूर, दुसरा मसुदा. पहिल्यात ‘कर्तव्यदक्ष’ नऊ वेळा, ‘मायाळू’ सहा, ‘सेवाव्रती’ चार. प्रत्येक ठिकाणी समासात प्रश्न टाकला: काय केलं? उत्तर असलं तर ते ठेवलं आणि विशेषण काढलं, उत्तर नसलं तर वाक्यच काढलं. बारा पानं आठ झाली.

पदं फाईलवरून तपासली. स्टाफ नर्स, वॉर्ड सिस्टर, मेट्रन ही वेगवेगळी पदं. निवृत्तीच्या भाषणात कुणीतरी मेट्रन म्हटलं होतं, कागद वॉर्ड सिस्टर म्हणतो. घरच्यांना थोडं लागलं, पण कागदाचं घेतलं. निवेदनात ‘परिचारिका’, लोकांच्या तोंडी ‘सिस्टर’ असेल तिथे तसंच.

मुखपृष्ठावर दिवा घेतलेली बाई हवी असा आग्रह होता, फ्लॉरेन्स नाइटिंगेलसारखी. तो दिवा क्रिमियन युद्धातला, १८५४ नंतरचा. ह्या ट्रंकेत दिवा नाही, टॉर्च आहे. रात्रपाळीला त्यावर रुमाल धरून त्या सलाइनची बाटली बघायच्या, शेजारच्या खाटेवरचा जागा होऊ नये म्हणून. मुखपृष्ठावर टॉर्च.

२० जुलै
छपाईचा नमुना आला. १४४ पानं (सोळाच्या नऊ घड्या), आम्लमुक्त कागद, दोऱ्याची शिवण. नुसत्या डिंकाच्या बांधणीत पुस्तक सपाट उघडत नाही. अक्षर १४ पॉइंट, कारण पहिले वाचक ऐंशीच्या पुढचे.

चुका: जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आलेल्या मजकुरात ‘ऱ्या’ तुटला आहे, ‘दुसऱ्या’ सगळीकडे ‘दुसर्या’. ‘दुःख’चा विसर्ग सात ठिकाणी अपूर्णविराम झालाय. आणि पान ६१ वर घड्याळ सरळ करून टाकलंय. फाईलचं नाव कुणी वाचत नाही.

२ ऑगस्ट
परतीची यादी. डिजिटल प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या घरी. प्रत्येक फाईलचा चेकसम (फाईल बदलली की बदलणारा ओळख-आकडा) सोबतच्या यादीत, वर्षातून एकदा पडताळायचा. कागद आणि कापड कोरड्या आतल्या कपाटात. बाहेरच्या भिंतीला लागून नको, माळ्यावर नको. थर्मामीटर बरणीसकट घातक कचरा घेणाऱ्या केंद्रात दिलं, पावती फाईलमध्ये. घड्याळ मोठीकडे, चावी न देता. कॅसेट मधल्याकडे, उभ्या ठेवायच्या. टॉर्च धाकटीकडे, आत सेल न घालता.